शिक्का आणि ठसा

आमच्या टेबलाच्या खणात रबराच्या वस्तू दोन प्रकारच्या आहेत. पहिली म्हणजे आमच्या सहीचा शिक्का. पदनामाचा शिक्का आम्ही निवृत्तीच्या दिवशी रीतसर परत केला. परंतु सहीचा शिक्का शुभेच्छापत्रांसाठी आम्ही स्वखर्चाने करवून घेतला होता, म्हणून तो आमच्याबरोबर घरी आला. दुसऱ्या प्रकारात लाकडी ठोकळ्यांवर बसवलेले ठसे आहेत: पणती, आंब्याची डहाळी, कमळ, चिमणी. हे अलीकडचे. त्यांनी जाड कागदावर रेषाकृती उमटवून आणि मार्करने रंग भरून आम्ही दिवाळीची व संक्रांतीची शुभेच्छापत्रे घरीच तयार करतो. दोन्ही रबरच, दोन्हींना शाई लागते, दोन्ही एकच आकृती पुनःपुन्हा उमटवतात. तरीही पहिल्याकडे पाहताना आम्हांला संकोच होतो आणि दुसऱ्याकडे पाहताना समाधान वाटते. हा भेद खरा आहे, की निवृत्त माणसाच्या फावल्या वेळाने निर्माण केलेला गोड समज आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या नोकरीची बरीच वर्षे इंदूरच्या पोलोग्राउंड भागातील एका सरकारी कार्यालयात गेली. नावात घोडे आणि चेंडू असले, तरी आम्ही पाहिले ते पोलोग्राउंड कारखान्यांच्या शेडींचे, वीज खात्याच्या कचेरीचे आणि मालमोटारींच्या धुळीचे. आमच्या टेबलासमोर मोठ्या कारखान्याचा मालक बसे, तसाच एका लेथ यंत्रावर घर चालवणारा मनुष्यही उभा राही. दोघांच्या कागदांवर शिक्का एकच पडे. त्या काळी आम्हांला याचा अभिमान वाटे आणि तो अनाठायी होता असे आजही वाटत नाही. शिक्क्याला माणसाचे तोंड दिसत नाही, हाच त्याचा गुण. आपल्याकडे शिक्क्याची प्रतिष्ठा जुनी आहे. शिवकालीन पत्रांत मुख्य मुद्रेखेरीज मजकुराच्या शेवटी मर्यादेचा लहान शिक्का असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो, त्यातले ‘मोर्तब’ हेच. व्यक्तीच्या लहरीपासून शब्दाचे रक्षण करणे हे शिक्क्याचे काम होते व आहे.

पण शिक्क्याची सवय हाताला लागली की ती कार्यालयाच्या फाटकाशी थांबत नाही. आमच्या लहानपणी घरात संक्रांतीच्या दिवसांत एक वेगळीच लगबग असे. बाजारातून छोटी छापील भेटकार्डे आणली जात, आई पाकिटांत चिमूटचिमूट हलवा किंवा तीळ घाली आणि वडील प्रत्येक कार्डाच्या मागे दोन ओळी लिहीत. पुण्याच्या मावशीला वेगळ्या, ग्वाल्हेरच्या काकांना वेगळ्या. आम्ही अधिकारी झालो तेव्हा ही पद्धत आमच्या हाती राहिली नाही. दरवर्षी दिवाळीपूर्वी दोनशेच्या वर छापील कार्डे येत, शिपाई पाकिटांवर पत्ते चिकटवी आणि आतल्या बाजूला आमच्या सहीचा शिक्का उमटवी. आपण कोणाकोणाला शुभेच्छा दिल्या, हे आम्हांला यादी पाहिल्यावाचून सांगता आले नसते.

याच काळातली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमचा एक शाळासोबती देवासला चित्रकलाशिक्षक होता. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदुरात सुरू केलेल्या ज्या चित्रशाळेतून ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन घडले, तिचा त्याला विलक्षण अभिमान. तो मुलांना भेंडी आणि बटाटा कापून ठसे करायला शिकवी. स्वतः झिजलेल्या हवाई चपलेच्या तळातून ठसे कापी. १९९७ च्या दिवाळीत त्याने आम्हांला स्वतः केलेले शुभेच्छापत्र पाठवले. आम्ही घर बदलले होते, नवा पत्ता त्याच्याजवळ नव्हता. म्हणून ते कार्यालयाच्या पत्त्यावर आले. आवक कारकून हिंदी भाषक होता. आलेले प्रत्येक टपाल दाखल करायचे, हा नियम त्याने पाळला. त्याचा काहीच दोष नाही.

ते कार्ड आम्ही प्रथम पाहिले २००४ साली, जुन्या नस्त्या निवडताना. ‘विविध’ असे लिहिलेल्या नस्तीत ते टाचलेले होते. पणतीच्या चित्रावर आवक क्रमांकाचा जांभळा शिक्का होता, बाजूला ‘नस्तीबद्ध करें’ असा शेरा आणि त्याखाली आमची आद्याक्षरे. म्हणजे ते आमच्या हातांखालून गेले होते आणि आम्ही ते उघडलेसुद्धा नव्हते. आत लिहिले होते: “अरे, आता बारीक रेघ दिसत नाही, म्हणून ठसा कापून घेतला. रंग बाहेर गेला असेल, हसू नकोस. एकदा येऊन जा.” ज्योतीचा पिवळा रंग खरोखरच रेषेबाहेर गेला होता. देवास काही विलायतेत नाही. इंदूरहून तासाभराची वाट. पण मित्राला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

आम्ही त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला आणि कपाटातून एक पाकीट आणले. त्यात १९९७ चेच आमचे छापील कार्ड होते. “डोळ्यांजवळ धरून पाहिलं त्यांनी. म्हणाले, सही त्याचीच आहे, अजून तशीच करतो,” असे वहिनी म्हणाल्या. ती सही रबराची होती, हे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

निवृत्तीनंतर आम्ही ठसे आणि मार्कर आणले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. प्रारंभी आमचा सिद्धांत सोपा होता: यंत्राने केलेले ते खोटे, हाताने केलेले ते खरे. कामात उतरल्यावर पहिला धडा हाताला मिळाला. कार्यालयात शिक्का ठोकायचा असतो, तेथे आवाजालाही मान असतो. शुभेच्छापत्राचा ठसा ठोकला की कडेची शाई पसरते. त्यावर शाईची गादी हलक्या हाताने टिपायची, ठसा सरळ खाली टेकवायचा, न हलवता दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. रेषा पुरती वाळू द्यावी लागते. अल्कोहोलच्या शाईचे मार्कर कागदाच्या पाठीपर्यंत झिरपतात, म्हणून खाली दुसरा कागद ठेवावा लागतो. पाण्याच्या शाईचे मार्कर वापरले, तर रेषेची शाई पाण्याने न विरघळणारी हवी. फिका रंग आधी, गडद मागून. तीस वर्षे शिक्के मारलेल्या हाताला हे शिकायला एक पावसाळा लागला.

पण सिद्धांत टिकला नाही. पहिला धक्का इतिहासाने दिला. १८४३ च्या नाताळासाठी लंडनमध्ये ज्या हेन्री कोल यांनी व्यापारी स्वरूपाचे पहिले नाताळपत्र छापवले, ते आमच्यासारखेच सरकारी नोकर, सरकारी दप्तरखान्यातील अधिकारी. १८४० मध्ये सुरू झालेल्या एक पेनीच्या टपालाच्या कामातही त्यांचा वाटा होता. टपाल स्वस्त झाले, पत्रे वाढली आणि त्यांना उत्तरे लिहिणे झेपेना. तेव्हा त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढवून घेतले. सुमारे हजार प्रती शिळाछापावर निघाल्या आणि रंग मात्र हाताने भरले गेले. पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव लिहिण्यापुरती जागा कोरी होती. प्रती एक शिलिंगाला विकल्या गेल्या. म्हणजे छापील रेषा आणि हाती भरलेला रंग ही आमची ‘घरगुती’ रीत छापील नाताळपत्राच्या जन्मापासूनची आहे आणि त्या पत्राचा उगम एका अधिकाऱ्याला वेळ नसण्यात आहे! शिवाय तो रंग भरणारा हात मजुरीवर काम करणाऱ्याचा होता. कार्ड कोणाच्या घरी जाणार, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेव्हा केवळ हात लागल्याने आपुलकी उतरत नाही, हे उघड आहे.

दुसरा धक्का सुदाम्याने दिला. आम्हा इंदूरकरांना पोह्यांचे अप्रूप सांगायला नको. पण भागवतातली ती कथा नीट आठवून पाहावी. ते पोहे सुदाम्याने कांडलेले नव्हते. त्याच्या पत्नीने शेजारपाजारच्या घरी मागून आणलेले होते, आणि फाटक्या वस्त्रात बांधलेले. त्यांत सुदाम्याची हस्तकला काडीचीही नव्हती. त्याने केले ते इतकेच, की तो ते घेऊन द्वारकेपर्यंत गेला. आमच्या वडिलांची संक्रांतकार्डेही बाजारातलीच होती. त्यांना खोटे म्हणण्याची आमची छाती नाही.

तिसरा आक्षेप घरातून आला. एका दिवाळीत आम्ही चाळीस कार्डे केली. कमळाच्या पाकळीत तीन छटा कशा मिसळल्या, हे सौभाग्यवतींना दाखवत होतो. त्यांनी विचारले, “हे कोणाला पाठवायचे आहे?” आम्हांला सांगता आले नाही. रंग भरताना आमच्या मनात कोणीच नव्हते. कार्ड पाहून लोक काय म्हणतील, एवढेच होते. सहीच्या शिक्क्यात आम्ही जसे अनुपस्थित होतो, तसा या कमळात समोरचा मनुष्य अनुपस्थित होता. हाताने केलेल्या वस्तूत अहंकार जितका सहज लपतो, तितका छापील वस्तूत लपत नाही, हे त्या दिवशी कळले.

मग पुनरावृत्तीत दोष आहे का? तसेही म्हणता येत नाही. आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात बाग येथे कापडावर लाकडी ठोकळ्यांची छपाई होते. तेथे रेषेचा ठोकळा वेगळा आणि भरावाचा वेगळा. तोच ठोकळा एका वस्त्रावर शेकडो वेळा टेकतो आणि वस्त्र त्यामुळे हिणकस ठरत नाही. आमच्या मित्राने तर ठशाचा आधार घेतला, तो डोळ्यांनी साथ सोडली म्हणून. जे त्याला स्वतःला करता येईना ते त्याने रबराकडे सोपवले आणि जे करता येत होते ते शेवटपर्यंत स्वतः केले. रंग रेषेबाहेर गेला. परंतु ‘अरे’ हे संबोधन एकाच माणसासाठी लिहिलेले होते.

आमच्या मते भेद आहे तो येथे. सर्वांना समान असलेला भाग ठशावर सोपवण्यात काही गैर नाही. किंबहुना त्यामुळे उरलेला वेळ मोकळा होतो. प्रश्न इतकाच, की त्या मोकळ्या वेळात आपण समोरच्या माणसाला मनात आणतो की नाही. न्यायाला सर्वांना समान वागवावे लागते, म्हणून त्याने तोंड न पाहणे योग्य. स्नेहाने तोंड पाहिले नाही, तर त्याच्यापाशी दुसरे काही उरत नाही. आमची चूक शिक्का वापरण्यात नव्हती. न्यायाचे अवजार आम्ही स्नेहाच्या कामाला लावले आणि त्यालाच कार्यक्षमता समजलो.

यावर कोणी म्हणेल की मित्राला तर आनंद झाला. मग खोट्या सहीने बिघडले काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे. त्याचा आनंद खरा होता, यात शंका नाही. पण तो त्याने स्वतःच्या विश्वासातून निर्माण केला होता. आम्ही त्यात काहीच घातले नव्हते. घेणाऱ्याच्या चांगुलपणाने देणाऱ्याचे ऋण फिटत नाही, उलट वाढते.

आता आम्ही वर्षाला बाराच कार्डे करतो. कागद समोर घेण्याआधी नाव लिहितो, मग ठसा निवडतो. कार्ड पूर्वीइतके देखणे होतेच असे नाही.

या दिवाळीचे एक कार्ड तयार आहे. त्यावर पणती आहे. वहिनी आता बऱ्याच थकल्या आहेत, देवासलाच असतात. हे कार्ड आम्ही टपालात टाकणार नाही. घेऊन जाणार आहोत. त्या सहीविषयी त्यांना सांगावे, की त्यांच्या कपाटातले ते पाकीट जसे आहे तसे राहू द्यावे, याचा निर्णय आम्हांला घरी बसून करता आलेला नाही. सत्य बोलण्याचे पुण्य आपल्याला आणि त्याचे दुःख त्यांना, अशी वाटणी होणार असेल तर ती न्याय्य नाही; आणि गप्प राहणे आमच्या सोयीचे आहे, म्हणून त्या मौनावरही आमचा विश्वास नाही. तेथे जाऊन बसू, त्यांच्या तोंडाकडे पाहू आणि मग काय ते ठरवू. सहीचा शिक्का तोपर्यंत खणातच राहील.