आधी पलटण

रंकाळ्याच्या काठानं पहाटे पळणारी भरतीची पोरं हा कोल्हापूरचा रोजचा देखावा आहे. मी चालायला जातो, ती पळायला येतात. त्यातल्या एकाच्या टी-शर्टवर छातीशी पंखांचा खंजीर आणि 'बलिदान' ही अक्षरं, म्हणजे पॅरा स्पेशल फोर्सेसचं चिन्ह. आणि पाठीवर ठळक 'गनिमी कावा'. पोरगा पन्हाळ्याच्या पायथ्याकडचा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो, बीम दहाच्या वर काढतो, नऊ फुटी खड्डा त्याला किरकोळ वाटतो. मी इतिहास शिकवायचो हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणाला, "सर, कमांडो व्हायला डायरेक्ट काय करायला लागतंय?"

मी विचारलं, "छातीवरचा आणि पाठीवरचा, यातला तू कोण होणार?"

"दोन्ही एकच की सर."

हे 'एकच की' आपल्याकडं घरोघरी आहे. अकादमीच्या फ्लेक्सवर महाराज, मावळे आणि तोंडाला काळं फासलेला कमांडो एका रांगेत उभे असतात. पोराला दोष कशाला द्यायचा? आम्ही वर्गातही फार वेगळं शिकवलं नाही.

गनिमी कावा ही कमी बळाच्या माणसाची लढाई. (गनीम हा शब्दसुद्धा शत्रूचा, मोगल आपल्याला गनीम म्हणत, आपण तो बिल्ल्यासारखा मिरवला.) माणसं थोडी, पैसा थोडा, पण मुलूख आपला आणि गाव आपल्या बाजूचं. गावानं भाकरी आणि बातमी द्यायची थांबवली की गनीम संपला. कमांडोचं उलटं असतं. तो थोडाच असतो, पण शेकड्यांतून निवडून काढलेला. त्याच्यामागं अख्खं सरकार, हेलिकॉप्टर आणि दारूगोळा उभा. जिथं कुणी भाकरी देणार नाही अशा मुलखात काम उरकून परत यायचं, यासाठी त्याला पोसलेलं असतं.

आणि गनिमाला भरती नसते, बढती नसते, रजा नसते. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटणारी, इंग्रजांशी लढणाऱ्या तुफान सेनेची पोरं कुंडलच्या आसपासचीच होती, इथून दोन-अडीच तासांवरची. ते त्यांचं करिअर नव्हतं. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना आली 1972 मध्ये. तोवर कितीजण हयात होते, हा प्रश्न वेगळा.

पोराच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मात्र म्हणवत नाही. कारण पावनखिंड. पन्हाळ्याहून मसाईचं पठार ओलांडून करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी या वाटेनं मी दोनदा पावसात गेलोय. दुसऱ्या वेळी गुडघ्यानं सांगितलं की आता पुरे. चिखलात बूट रुततो, तो उपसताना बराच वेळ जातो, आणि आपल्या पाठीवर ना पालखी ना ढाल. 12 जुलै 1660 च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटणं हा नमुनेदार गनिमी कावा: अंधार, पाऊस, वाट माहीत असलेली माणसं, आणि शिवा काशीद यांनी स्वतः महाराज बनून घातलेली भूल. पण घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, पोचल्यावर बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं पळाली नाहीत. ती थांबली. दिलेली जागा, दिलेली वेळ, तोफांचा आवाज होईपर्यंत हलायचं नाही. याला गनिमी कावा म्हणत नाहीत. ही ठाण मांडून लढणारी पलटण झाली. एक रात्र आणि पुढचा दिवस एवढ्यात त्याच माणसांनी दोन्ही केलं. ते जमलं कशानं, हे मला त्या वाटेवर कळलं. शौर्य होतंच; त्याच्याही आधी हुकूम पाळण्याची सवय होती.

संताजी घोरपड्यांची गोष्ट घ्या. त्यांचं घराणं कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीत नांदलं. 1695 च्या अखेरीला औरंगजेबानं आपला सरदार कासिमखान याच्या मदतीला खास चौकीतली निवडक माणसं पाठवली होती, म्हणजे त्या काळचे कमांडोच म्हणा. संताजींनी फौजेचे तीन भाग केले: एक तळ लुटायला, एक सामना द्यायला, एक राखीव. निवडक बादशाही फौज दोड्डेरीच्या गढीत कोंडली गेली आणि उपाशी शरण आली. तीन भाग तीन ठिकाणी, आणि लुटीला गेलेल्यांनी लढाई विसरायची नाही. हे मोकाट टोळीला झेपत नाही. ही करडी शिस्त संताजींच्या स्वतःच्या माणसांनाही जाचली, आणि 1697 मध्ये त्यांचा जो शेवट झाला त्याच्या कारणांत तीही होती.

गनीम, निवडक सैनिक आणि साधी पलटण हे तिघं एकाच रस्त्यावर भेटले, तो रस्ता मात्र आपल्या मुलखातला नाही. तो जमालपूरहून टांगाईलमार्गे ढाक्याला जातो. डिसेंबर 1971, बांगलादेशचं युद्ध. उत्तरेकडून जमालपूरवर चालून गेलेल्यांत 1 मराठा लाइट इन्फंट्री होती, 1768 पासूनची जंगी पलटण. तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर त्यानं उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून धाडली. पुढं त्याच्या फौजेला ढाक्याकडं माघार घ्यावी लागली. ती अडवायला 11 डिसेंबरला टांगाईलजवळ छत्र्यांतून उतरली 2 पॅरा. हिचं जुनं नाव 3 मराठा. पुंगली पुलावर तिनं नाकेबंदी केली. आणि ज्या शेतांत हे पॅराट्रूपर उतरले ती शेतं राखली होती कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीनं. भातखाचरांत पडलेलं सामान गावकऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणून दिलं. छत्रीवाल्यांना मुलूख माहीत नव्हता, मुक्तिवाहिनीकडं जड हत्यार नव्हतं, आणि जंगी पलटण दुसऱ्या दिवशी येऊन मिळाली नसती तर पुलावरची मंडळी फार दिवस टिकली नसती. तिघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न त्या पुलावर कुणी विचारला नसेल.

मग 18 डिसेंबर. युद्ध संपलं होतं. ढाक्याच्या पलटन मैदानात सिद्दिकींच्या माणसांनी बांधून आणलेल्या बंदिवानांना भर गर्दीत संगिनी खुपसल्या. त्या छायाचित्रांना पुढं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या माणसांनी नऊ महिने जे सोसलं ते मी विसरत नाही. पण कोर्ट मार्शलची भीती नसलेल्या हातात संगीन राहिली की काय होतं, तेही विसरता येत नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम वाचावेत: मोहिमेत बायका-बटीक बरोबर नाही, परत आल्यावर प्रत्येकाची झडती, लूट सरकारजमा. आपला गनीम फौजेत बदलला तो इथं.

म्हणून मी पोराला सांगितलं, कमांडो ही पहिली पायरी धरू नकोस. स्पेशल फोर्सेसमध्ये माणूस स्वेच्छेनं जातो, आणि तीन महिन्यांच्या परीक्षेतून बहुतेक जण परत पाठवले जातात. परत कुठं जातात? आपल्या पलटणीत. तीच आवडत नसेल तर उरलेली नोकरी म्हणजे शिक्षा. मेडिकलला कानातल्या मळापायी परत आलेली पोरं मी पाहिलीत, ती महिन्याभरात सावरतात. खंजिराशिवाय दुसरं काही मनातच नसलेलं पोरगं सावरत नाही. शिवाय प्रत्येक पायदळ पलटणीची स्वतःची घातक प्लाटून असते. खुमखुमी भागवायला तेवढी जागा तिथंही आहे.

कर्नल संतोष महाडिक साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. सुरुवातीपासून 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे अधिकारी, म्हणजे पोराच्या छातीवरचं चिन्ह त्यांनी खरोखर कमावलेलं. ही पलटणही मूळची 21 मराठा. 17 नोव्हेंबर 2015 ला कुपवाड्याच्या जंगलात लपलेल्या दहशतवाद्यांचा माग काढताना ते पडले, तेव्हा ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे, म्हणजे साध्या मराठा जवानांचे कमांडिंग ऑफिसर होते. कमांडोचं शिक्षण घेऊन ते साध्या पलटणीच्या पुढं चालत होते. मला विचाराल तर त्या खंजिराचा याहून चांगला उपयोग नाही. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक 2017 मध्ये अधिकारी म्हणून सैन्यात रुजू झाल्या.

सैनिक टाकळीसारख्या गावात बाप, आजा, पणजा एकाच पलटणीचं नाव सांगतात, तिथं हा सल्ला कुणाला नवा वाटणार नाही. नवं आहे ते गणित. 2022 च्या अग्निपथपासून जवानाची पहिली नोकरी चार वर्षांची. त्यातले 25 टक्क्यांपर्यंत कायम होतात, बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख मिळतात, पेन्शन नाही. विशीत घरी परतलेल्या प्रशिक्षित तरुणाला गावानं काय काम द्यायचं, याचा विचार अजून कुठल्या फ्लेक्सवर दिसला नाही. पोराला मी कोल्हापुरातल्याच 109 टीए बटालियनचं, म्हणजे प्रादेशिक सेनेचं, नावही सांगून ठेवलंय. कामधंदा सांभाळून वर्दी घालण्याची ती वाट आहे. त्यानं ऐकल्यासारखं केलं.

पालकांना एवढीच विनंती: जूनमध्ये अकादमीची फी भरण्याआधी तिथल्या सरांना खंजिराबद्दल विचारू नका. मागच्या तीन वर्षांत त्यांची किती पोरं पलटणीत गेली, आणि पाचव्या वर्षी पोरगा घरी आला तर त्याच्या हातात कोणतं शिक्षण असेल, हे विचारा. उत्तर कागदावर लिहून घ्या.