किरणोपचारापूर्वीचा प्रश्न

जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीच्या व्हरांड्यात रेंगाळले. त्यांच्या 24 वर्षांच्या अविवाहित मुलीला गुदाशयाचा कर्करोग झाला आहे. दहा दिवसांत किरणोपचार सुरू व्हायचे होते. तत्पूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशय किरणांच्या वाटेतून वर सरकवून घ्यावेत, असे डॉक्टरांनी सुचवले होते. "मौलाना, अल्लाहच्या रचनेत ही ढवळाढवळ तर नव्हे? अपत्य तर तकदीरमध्ये असेल तरच होणार ना?"

कर्करोगावर औषध घेताना तकदीरचा हा दाखला कोणी देत नाही, हे नवलच. संतती देणे वा न देणे अल्लाहच्याच हाती आहे, हे सूरह शूरामध्ये स्पष्ट आहे, पण वृद्धापकाळी अपत्यासाठी हात पसरणारे हजरत जकरिया (अ.) याच कुरआनात आहेत. हौसेखातर शरीर बदलणे निराळे, हानीतून अवयव वाचवणे निराळे. ओटीपोटाला सामान्यतः 45 ते 50 ग्रे किरणमात्रा दिली जाते. अंडाशयातील निम्मी अपरिपक्व स्त्रीबीजे नष्ट व्हायला 2 ग्रेदेखील पुरेत. शिवाय अंडाशय निकामी झाले की ऐन तारुण्यात ऋतुसमाप्ती येते, हाडे ठिसूळ होतात. अर्थात शरीयतमध्ये वंशरक्षणाआधी प्राणरक्षण आहे. रोगाला थांबायला सवड नसेल, तर उपचार लांबवता येणार नाहीत.

स्त्रीबीजे गोठवण्याचा मार्ग अधिक नाजूक आहे. पती-पत्नीचेच बीज आणि पत्नीचाच गर्भाशय, एवढीच मुभा आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1986 साली अम्मान येथे दिली. तेव्हा गोठवलेले बीज निकाह टिकून असेतोवरच वापरता येईल, असे माझे मत आहे. आणि किरणांनी गर्भाशयच गर्भ पेलण्यास असमर्थ झाला, तर परक्या कुशीचा पर्याय आपल्याला नाही. हे मुलीला आधीच सांगायला हवे. खोटी आशा दाखवणे ही अमानतीतील खयानत होय.

शस्त्रक्रिया जायज आहे, असे मी त्यांना सांगितले आणि विचारले, "मुलीचे काय म्हणणे आहे?"

ते गप्प झाले. "तिच्याशी असले कसे बोलायचे?"

हया हा ईमानचा भाग आहे, खरे. पण अन्सारी स्त्रिया ऋतुस्नानाचे प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारीत, आणि हयेपायी त्या ज्ञानापासून वंचित राहिल्या नाहीत म्हणून हजरत आयेशांनी (रजि.) त्यांची प्रशंसा केली. देह जिचा, तिलाच अंधारात ठेवणारी हया कोणती?

"तिच्या आईला सांगतो," ते म्हणाले. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी अजून घेतलेली नव्हती.