हवेतली अफरातफर

यंदाच्या मे महिन्यात आमच्या गाडीचा एसी गार वाऱ्याऐवजी नुसते सुस्कारे टाकू लागला. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबला होता. "त्यात काय, घरीच बदलतो!" मी जाहीर केले. बी.कॉम. झालेल्या माणसाला काय अशक्य आहे?

नटाला पाना लावतो तोच शेजारचे नाना, रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर, खिडकीतून म्हणाले, "आतल्या गॅसचं काय?"

"सोडायचा हवेत. कोण बघतंय?"

"आर-१३४ए ना? ओझोनला धक्का लावत नाही. पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट!"

गाडीत गॅस अर्धा किलो. म्हणजे ६५० किलोंचा बोजा! दुसऱ्याच्या खात्यातून सहीविना रक्कम काढली, तर आम्ही बँकेत तिला अफरातफर म्हणतो. इथे तर निम्मे खातेदार अजून जन्मायचेत; तक्रार घेऊन काउंटरवर येणार कोण?

पाना ठेवला आणि घाम पुसत, गॅस काढून घ्यायचे यंत्र असलेल्या गॅरेजात गाडी नेली. हिने विचारलेच, "घरी बदलणार होतात ना?"

मी गप्प. एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत खुर्ची न सोडणारा मी. पण नाना खिडकीत नसते तर?

हा हिशेब काही अजून जुळत नाही.