मुलांच्या दुखण्यातला अंदाज आणि अतिरेक

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातली दर्पण कॉलनी असो की लष्कर भागातला जुना मराठी वाडा, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत मुलाने पोट धरले की घरात दोन मते ऐकू येतात. आजोबा म्हणतात, पूर्वीची मुले असली दुखणी अंगावर काढत, आताच्यांना सोसवत नाही. आई म्हणते, तो दुखण्याचा फार विचार करतो, त्याला समुपदेशकाकडे न्यायला हवे. एक मत जुन्या वळणाचे, दुसरे नव्या. म्हणून ती एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते. पण दोघांनीही धरून चालले आहे ते एकच: दुखणे लहान आहे आणि मुलाचे मन ते मोठे करते आहे. मुलांच्या मानसिक आरोग्यावर पुरवण्यांतून आणि पालकसभांतून इतके बोलले जाते, तरी या गृहीतकाला कोणी हात लावत नाही.

आणि या गृहीतकाला आता एक आकडाही मिळाला आहे.

कॅनडातल्या मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल’ प्रसिद्ध केली. दुखताना माणूस किती अनर्थ कल्पितो, हे मोजणारी ही प्रश्नावली. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या गीर्ट क्रोम्बेझ यांच्या गटाने २००३ मध्ये तिची मुलांसाठीची आवृत्ती तयार केली. विधाने १३, प्रत्येकाला मुलाने ० ते ४ गुण द्यायचे, एकूण ५२. हे दुखणे कधी थांबेल याची सतत काळजी वाटते, दुखणे डोक्यातून जात नाही, काहीतरी गंभीर होईल असे वाटते, कमी करायला माझ्या हातात काही नाही, अशा आशयाची ती विधाने आहेत. त्यांचे तीन गट पाडले जातात: दुखणे मनात घोळवणे, ते वाढवून पाहणे आणि हतबलता. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सीमारेषाही सुचवल्या. २६ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे अनर्थविचार जास्त.

मुलांचे दुखणे मोजायची गरज का पडली, हा इतिहास आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तान्ह्या बाळांना वेदना कळत नाहीत, असे वैद्यकशास्त्र विसाव्या शतकात दीर्घकाळ मानत आले. तो समज मोडण्यात मोठा वाटा इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांचा. ऑक्सफर्डमध्ये काम करताना त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत काहींना फेंटानिल हे वेदनाशामक देऊन आणि काहींना न देता तुलना केली. औषध न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाचे रासायनिक पडसाद कितीतरी तीव्र उमटले आणि नंतरचे त्रासही जास्त झाले. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले आणि भूलशास्त्राला आपली रीत बदलावी लागली. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. आनंद यांनी बाळाची प्रतिक्रिया मोजली, तेव्हा जखम केवढी आहे हे समोर दिसत होते. मापाच्या दोन्ही बाजू हाताशी होत्या.

अनर्थविचाराच्या मोजपट्टीत एकच बाजू आहे. मूल किती घाबरते हे तिला कळते. घाबरण्याजोगे पुढे काय आहे, हे ती विचारतच नाही. एखादा विचार अतिरेकी ठरवायचा तर तो कशाहून अतिरेकी, हे सांगावे लागते. नाहीतर जे मोजले गेले तो मुलाचा अंदाज होता की अतिरेक, हे ठरवायला काही साधनच उरत नाही. चर्चा नेमकी इथे सुरू व्हायला हवी.

हा फरक पुस्तकी नाही, हे पाहायला विदर्भात जावे लागते. नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून आदिवासी गावांत तो किती पसरला आहे ते दिसले. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, सीमेपलीकडे बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या पट्ट्यात रक्ततपासणीत प्रत्यक्ष आजार दाखवणारा ‘एसएस पॅटर्न’ हा शब्द निरक्षर आईलाही समजतो. या आजारात लाल रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, पाठ, पोट, छाती असह्य दुखू लागते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, दमणूक, कशानेही कळ उठू शकते. तान्हेपणी हातापायांची बोटे सुजतात; आईला आजाराची पहिली ओळख पुष्कळदा तिथेच होते. भारतातला सिकलसेल सौम्य, कारण आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, असे बराच काळ सांगितले गेले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी ज्या मुलांचा पाठपुरावा केला, त्यांतल्या अनेकांचा आजार काही सौम्य नव्हता.

अशा दहा वर्षांच्या मुलापुढे ती १३ विधाने ठेवली तर काय होईल? काहीतरी गंभीर होईल असे वाटते का? वाटायलाच हवे. हाडांच्या दुखण्यासाठी दाखल झालेल्या रुग्णाची दोन-तीन दिवसांत छाती भरून येऊन श्वास अडकू लागणे, ही या आजारातली ओळखीची आणि जीवघेणी गुंतागुंत आहे. आधीची दुखणी आठवतात का? त्या आठवणीनेच तर मूल थंडीत पांघरूण घेते आणि पाण्याची बाटली जवळ ठेवते. कमी करायला तुझ्या हातात काही नाही असे वाटते का? रात्री पाड्यावर कळ उठली, दवाखाना दूर, घरात पॅरासिटामॉलपलीकडे काही नाही, तर ‘हो’ हे उत्तर परिस्थितीचे वर्णन आहे. दुखणे डोक्यातून जात नाही का, हा प्रश्न तर आणखी विचित्र आहे. क्रिस्टोफर इक्लस्टन आणि क्रोम्बेझ यांनीच १९९९ मध्ये मांडले होते की लक्ष खेचून घेणे हे वेदनेचे कामच आहे. मग लक्ष खेचले गेले म्हणून मुलाला गुण का लावायचे?

हे मूल ५२ पैकी ४० पर्यंत सहज जाईल. त्याला ‘जास्त अनर्थविचार करणारा’ म्हटले, तर त्याच्या आजाराचे अचूक ज्ञान दोष म्हणून नोंदले जाते.

अमेरिकेत हे जवळजवळ असेच घडलेले दिसते. व्हर्जिनियातल्या प्रौढ सिकलसेल रुग्णांच्या अभ्यासात, २००७ मध्ये, त्यांचे अनर्थविचाराचे गुण इतर जुनाट दुखण्यांच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळले. पण नैराश्याचा परिणाम वेगळा काढल्यावर जास्त गुणांच्या आणि कमी गुणांच्या रुग्णांत वेदनेची तीव्रता किंवा दवाखान्याचा वापर यांत फरक उरला नाही. ज्या आजारात भीतीला सर्वाधिक आधार आहे, तिथे गुण चढले आणि त्या गुणांनी फारसे काही सांगितलेही नाही. मोजपट्टीवाल्यांनी या निष्कर्षापाशी थबकायला हवे होते.

त्यांचा खरा युक्तिवाद मात्र दुसरा आहे, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, नाव काहीही द्या, हे गुण पुढचे सांगतात: ज्या मुलांचे गुण जास्त, त्यांची शाळा जास्त बुडते, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे रेंगाळते. हे खरे आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण रोहिणी-मृग कोरडे गेले की विदर्भातला कापूस पिकवणारा जितकी जास्त काळजी करतो तितके त्याचे पीक कमी येते, असाही संबंध आकड्यांत नक्की दिसेल. काळजीने पीक जळाले असे कोणी म्हणत नाही, कारण पाऊस वेगळा मोजलेला असतो. यावर त्यांचे उत्तर ठरलेले आहे: आम्हीही वेदनेची तीव्रता वेगळी मोजतो, तिचा हिशेब धरूनही अनर्थविचाराचा परिणाम उरतो. इथे हा सारा डोलारा डळमळतो. तीव्रता आजची असते, भीती उद्याची. पाय मुरगळलेले एक मूल आणि सिकलसेलची कळ उठलेले दुसरे, दोघेही दहापैकी सहा म्हणतील. आजचा सहा दोघांचा सारखा. उद्या मुळीच सारखा नाही. आजची तीव्रता धरल्याने उद्याचा धोका हिशेबात येत नाही. मग जो परिणाम उरतो तो मुलाच्या मनाचा की त्याच्या आजाराचा, हे त्या अभ्यासांच्या रचनेतून कळूच शकत नाही.

अजून एक म्हणणे राहते: भीती खरी असो वा फुगवलेली, तिने वेदना वाढतेच, मग ती कमी केलेली काय वाईट? काहीच वाईट नाही. पण कमी कशी करायची ते या फरकावरच ठरते. अतिरेक असेल तर विचारांची दिशा बदलणारे उपचार लागतात आणि डोकेदुखीच्या मुलांत अशा मानसोपचारांनी दुखणे कमी होते, हे अभ्यासांत दिसलेले आहे. अंदाज बरोबर असेल तर मुलाच्या पुढ्यातले भविष्यच बदलावे लागते. म्हणजे रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चुकू नये, कळ उठताच कुठे जायचे ते ठरलेले असावे, वॉर्डात मॉर्फिन वेळेवर मिळावे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ हद्दपार झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने अडथळे कमी केले, तरी व्यसनाची भीती डॉक्टरांच्या मनातून गेलेली नाही. त्या भीतीला कोणी ० ते ४ गुण देत नाही.

या विषयावरची बाकीची मते थोडक्यात बाजूला ठेवता येतात. ‘अनर्थविचार’ हा शब्द रुग्णाला अपमानास्पद वाटतो म्हणून नाव बदलावे, अशी मोहीम पाश्चात्त्य देशांत चालू आहे. नाव बदलून मापाची दुसरी बाजू येत नाही. मोबाइलने मुले नाजूक झाली म्हणणाऱ्यांनी १९५८ चा जॉन अ‍ॅप्ली यांचा इंग्लंडमधला अभ्यास पाहावा. दर दहांतल्या सुमारे एका शाळकरी मुलाला वारंवार पोटदुखी होती, आणि तेव्हा खिशात मोबाइल नव्हते.

सर्वात बोलका पुरावा मात्र मोजपट्टीच्या घरातूनच आला आहे. २०२० मध्ये क्रोम्बेझ आणि सहकाऱ्यांनी अनर्थविचार मोजणाऱ्या प्रश्नावल्यांतली विधाने एकेक करून तपासली. ती अनर्थविचारापेक्षा दुखण्याविषयीची काळजी अधिक मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलांची आवृत्ती करणाऱ्या संशोधकानेच हे म्हणावे, हा मोठा प्रामाणिकपणा आहे. तरीही ‘काळजी’ इथे थांबणे पुरेसे वाटत नाही. काळजी साधार की निराधार, हा प्रश्न तसाच राहतो आणि तो मुलाला विचारल्याशिवाय सुटत नाही.

दर्पण कॉलनीतल्या पोट धरणाऱ्या मुलालाही तो लागू आहे. त्याच्या पोटात गंभीर काही नसेल, आणि दुखण्याविषयीची त्याची भीती खरेच फुगलेली असेल. पण ‘तुला काय होईल असे वाटते?’ असे विचारले तर तो कदाचित पोटाबद्दल बोलणारच नाही. गणितात कमी पडले की घरात काय घडते, बाबा किती दिवस बोलत नाहीत, कोचिंगची फी कोणी भरली हे किती वेळा ऐकवले जाते, हे तो सांगेल. तो अंदाज बहुधा अचूक असतो. त्याच्या गुणांवरून यातले काहीही दिसत नाही.

शहडोलहून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे लक्ष्य आहे. तपासणीतून एसएस पॅटर्नची हजारो मुले सापडतील, आणि त्यांच्या दुखण्याची प्रश्नावली आज ना उद्या नागपूरच्या वॉर्डात येईल. ग्वाल्हेरच्या कमलाराजा रुग्णालयातही ती येईल, तिथे दुसऱ्या आजारांच्या मुलांसाठी. येऊ द्यावी, मुलाचे काही विचारले न जाण्यापेक्षा १३ प्रश्न बरे. मात्र केस पेपरवर त्या आकड्याशेजारी दोन नोंदी असाव्यात. काय होईल असे मुलाला वाटते, ते त्याच्याच शब्दांत. आणि पुढच्या तीन दिवसांत व पुढच्या वर्षभरात काय होण्याची शक्यता आहे, ते डॉक्टरांच्या अक्षरात. पहिली नोंद निवासी डॉक्टर पाच मिनिटांत करू शकेल. दुसरी करायला त्याला वरिष्ठांना विचारावे लागेल, आणि लिहिल्यावर ती मुलाच्या आईलाही सांगावी लागेल.