झील कोणी धरावी?

माझा आवाज चांगला नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत तो कसाबसा पोचतो, आणि प्रार्थनेच्या वेळी तर मी नुसते ओठ हलवतो. परंतु ह्याच आवाजाने एकदा मी गावातली शे-दीडशे माणसे रडवली आहेत. त्या गोष्टीचा काही दिवस मला अभिमान वाटत होता. पुढे लाज वाटू लागली. अभिमानाची लाज कशी झाली, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे पेडगाव आहे. काळी जमीन, कापूस-सोयाबीन, आणि वर्षाकाठी एखादा हरिनाम सप्ताह, असे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखे हे गाव. पूर्वी सप्ताहाला लिंबाच्या फांदीवर भोंगा बांधला, की सारी व्यवस्था झाली असे समजत. आता चाकांची एक पेटी येते. प्रवासी बॅगेसारखी ती ओढत नेता येते, आतल्या बॅटरीवर चारपाच तास चालते, आणि तिच्याबरोबर बिनतारी माईक असतात. तिच्या माथ्यावर काही फिरती बटणे असतात. एक आवाज लहानमोठा करण्याचे, एक तो जाड किंवा बारीक करण्याचे, आणि एक 'एको'चे. ज्यांची ऐपत अधिक, ते गायक एक निराळे यंत्रही जवळ बाळगतात. त्यातून आवाज काढला, की तो घुमटात गायल्यासारखा होतो, चुकलेला सूर जागेवर येतो, आणि हवे असल्यास एकट्या गळ्याला दोन सोबतीही मिळतात.

त्या पेटीशी माझा संबंध आला तो एका तेराव्याच्या दिवशी. गावातले एक वजनदार गृहस्थ वारले होते. श्रद्धांजलीचे चार शब्द बोलायला अर्थातच मास्तरांना उभे केले. साऊंडवाल्या पोराने माईक हातात देताना 'एको'चे बटण निम्म्याहून अधिक फिरवले. मी बोलू लागलो आणि चमकलो. माझ्या तोंडून निघालेला शब्द माझ्याकडे परत येत होता, पण तो माझा नव्हता. तो भरदार होता, गंभीर होता, एखाद्या मोठ्या माणसाचा होता. त्या आवाजाला शोभेल असे काही तरी आपण बोलले पाहिजे, असे मला वाटू लागले. गेलेल्या गृहस्थांनी धाकट्या भावाच्या वाट्याची जमीन कधीच नीट वाटून दिली नव्हती. हे गावाला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. तरी मी बोलून गेलो, की त्यांनी धाकट्या भावाला पोटच्या पोरासारखे वागवले. 'वागवले' हा शब्द तीनदा घुमला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. धाकटा भाऊ समोरच, खांबाला टेकून बसला होता.

आठ-पंधरा दिवसांनी तो मला रस्त्यात भेटला. माझे कौतुक करण्याच्या ओघात तो अगदी साधेपणाने म्हणाला, "गुरुजी, तुमी बोलत व्हता तव्हा घडीभर मलाबी खरंच वाटलं."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. खोटे बोलल्याबद्दल त्याने मला शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच तो अन्याय घडीभर विसरायला लावण्याची शक्ती माझ्या आवाजात आली होती. ती कुठून आली? बटणातून आली, असे म्हणून मी स्वतःची सुटका करून घेऊ शकतो का?

प्रथम मी यंत्रालाच दोषी धरून पाहिले. जो आवाज आपला नाही तो आपला म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे, असा माझा मुद्दा होता. पण विचार करू लागलो तसा तो टिकेना. आवाजावर संस्कार करण्याची हौस काही आजची नाही. १९४७ साली शिकागोतल्या बिल पटनम नावाच्या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिका वाजवणाऱ्या तिघांच्या एका तुकडीसाठी स्नानगृहाचा उपयोग घुमारा मिळवायला केला. स्नानगृहात गाणारा प्रत्येक माणूस स्वतःला गवई का समजतो, ह्याचे उत्तर त्यात आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या गाण्यात आवाज दुरून जवळ येतो आहे असे भासावे म्हणून लता मंगेशकर माईकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या. पुढे फितीवर आवाज मुद्रित करून तो क्षणाने पुन्हा ऐकवणारी यंत्रे आली. आजच्या पेटीत फीतही नाही. आवाजाचे आकडे होतात, ते आकडे क्षणभर साठवले जातात, आणि थोडे थोडे क्षीण करून पुनःपुन्हा बाहेर सोडले जातात. १९९७ साली बाजारात आलेल्या 'ऑटोट्यून'ची कथा तर नवलाची आहे. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्यापूर्वी खनिज तेलाच्या शोधासाठी जमिनीत सोडलेल्या कंपनांचे प्रतिध्वनी तपासण्याचे गणित करीत. जमिनीखालचे तेल हुडकणाऱ्या गणितानेच गळ्यातली चूक हुडकली!

लताबाईंचे ते चालत येणे खोटे होते, असे म्हणण्याची माझी छाती नाही. मग माझ्या हातातले बटण तेवढे खोटे कसे?

शिवाय ह्या पेटीचे उपकारही मी पाहिले आहेत. आमच्या भजनी मंडळात एक म्हातारे आहेत. त्यांना सगळे पाठ आहे, पण गळा थकला आहे. माईक आणि थोडासा घुमारा मिळाला, की त्यांचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत जातो. त्यांच्या बाबतीत ती पेटी म्हणजे म्हाताऱ्याच्या हातातली काठी आहे. काठीला कोणी खोटा पाय म्हणत नाही.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक विश्वकर्मा किंवा 'सुतार की झोपडी' म्हणतात, मी मुलांची सहल घेऊन गेलो होतो. लाकडी वासे वाटावेत अशा दगडी फासळ्यांचे ते कमानदार छत. त्याखाली एका मुलाने नुसता 'ओ' दिला, आणि लेणे भरून गेले. विजापूरचा गोलघुमट तर आवाजासाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजले, तर समोरच्या बाजूला ऐकू येते. माझे विज्ञान शाळेच्या पुस्तकापुरते, पण ते सांगते, की बावीस अंश तपमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, आणि मूळ आवाज व त्याचा प्रतिध्वनी वेगळे ऐकू यायला दोहोंत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचे अंतर लागते. म्हणजे समोरची भिंत निदान १७.२ मीटर दूर हवी. भिंती जवळ असल्या, की परतलेले ध्वनी एकमेकांत मिसळतात, आणि त्याला आपण निनाद म्हणतो. हा सारा खटाटोप आमच्या पेटीत एका बटणात आला आहे. ज्या माणसाजवळ लेणे नाही, त्याने लेणे खिशात बाळगले तर बिघडले काय?

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस घोळवला, आणि फरक सापडला तो असा. लेण्यात मी 'ओ' दिला तर माझा 'ओ' घुमतो, आणि शेजारचा खोकला तर त्याचा खोकलाही घुमतो. तिथे सगळेच एका छताखाली असतात. दगड कोणाची भीड धरीत नाही. पेटीच्या लेण्यात मात्र एकटा माईकवाला उभा असतो. त्याच्या शब्दाला घुमट मिळतो, आणि खांबाला टेकून बसलेल्या माणसाच्या उसाशाला साधी भिंतही मिळत नाही. त्या दिवशी धाकट्या भावाने मध्येच "न्हाई, तसं नव्हतं" असे म्हटले असते, तर ते दुसऱ्या रांगेपर्यंतही गेले नसते.

आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे आवाजाला घुमारा नव्हता असे नाही. शाहीर पोवाडा म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे उभे असलेले सुरते झील धरतात. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात. त्याने चरण सोडला, की ते उचलतात आणि लांबवतात. हाच आपला जुना 'एको'. पण तो माणसांचा होता. झीलकऱ्याचा दम गेला तर झील तुटे. त्याला ओळ पटली नाही, तर तो मनापासून उचलीत नसे. शाहिराला मागे न पाहताही कळे, की आपण कुठे कमी पडलो. आमच्या पेटीला काहीच पटावे लागत नाही. 'सत्य' म्हणा की 'असत्य' म्हणा, ती सारख्याच भक्तिभावाने तीनदा म्हणते. बोलणाऱ्याला वाटते, की गाव आपल्याला साथ देत आहे. वास्तविक त्याचाच आवाज त्याची साथ करीत असतो. माणसाच्या बिघडण्याला याहून सोपी वाट मला माहीत नाही. सत्तेच्या खुर्चीवर जे व्हायला दहा वर्षे लागतात, ते पेटीपुढे पाच मिनिटांत होते.

सरकारने आवाजावर कायदा केला आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हे नियम चांगलेच आहेत. पण ते आवाजाचा मोठेपणा मोजतात. त्याचा गोडवा मोजणारे यंत्र कोणत्याही अधिकाऱ्याजवळ नाही. ते मोजमाप बोलणाऱ्यालाच करावे लागते, आणि तेही बटणावर हात असताना.

निनादात पहिल्यांदा मरतात ती व्यंजने. स्वर लांब आणि बलवान असतात, ते घुमतात. क, त, प, स ही बिचारी क्षणभर जगणारी अक्षरे मागच्या स्वराच्या शेपटाखाली दडपली जातात. म्हणून गाण्याला शोभणारा घुमारा भाषणाला घातक ठरतो. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला यात एक धडा दिसतो. भावना बहुधा स्वरांवर चालते, आणि अर्थ व्यंजनांवर. 'दिले' आणि 'गिळले' यांतला फरक व्यंजनांचाच. त्या तेराव्याला माझे सगळे स्वर लोकांपर्यंत पोचले, आणि लोक रडले. व्यंजने पोचली असती, तर कोणी तरी उठून विचारले असते, "गुरुजी, जमीन कुठं दिली?"

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. गाणे, भजन, पाळणा यांना बटण हवे तितके फिरवावे. तिथे गोडवा हाच करार असतो, आणि ऐकणाराही तो जाणून बसलेला असतो. परंतु ज्या शब्दाने कोणाचे देणेघेणे ठरते, म्हणजे श्रद्धांजली, ग्रामसभेतला ठराव, निकाल, साक्ष, वचन, तिथे बटण शून्यावर आणावे. आवाज मोठा करण्यास हरकत नाही, कारण शेवटच्या माणसालाही ऐकण्याचा हक्क आहे. तो सुंदर करण्यास मात्र हरकत आहे, कारण शेवटच्या माणसाला 'नाही' म्हणण्याचाही हक्क आहे.

नियम करणे सोपे असते. वर्षश्राद्धाला त्याच घरी मला पुन्हा बोलावले. तोच मंडप, तीच पेटी, तोच पोरगा. मी म्हणालो, "बाळ, एको बंद कर." तो म्हणाला, "गुरुजी, आवाज कोरडा लागंल." मी म्हटले, लागू दे. आणि तो खरोखरच फार कोरडा लागला. माझा मलाच तो चोरट्यासारखा वाटला. मी गेलेल्या गृहस्थांच्या कष्टाळूपणाबद्दल बोललो, कारण ते खरे होते. मग म्हणालो, "गेल्या वर्षी भावाभावांच्या वागणुकीबद्दल मी एक वाक्य बोललो होतो. ते बोलण्याचा मला अधिकार नव्हता. ते मी परत घेतो." इतकेच. त्यापुढे काही सुचले नाही. कोणी रडले नाही. कोणी तरी खोकले, आणि तो खोकला मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर त्या घरचे बोलावणे मला आलेले नाही. जमिनीचा वाद होता तिथेच आहे. माझ्या एका वाक्याने तो उभा राहिला नव्हता, आणि एका वाक्याने तो मिटणारही नव्हता. धाकटा भाऊ रस्त्यात भेटतो, तेव्हा पूर्वीसारखाच "रामराम गुरुजी" म्हणतो. त्याच्या आवाजात काही फरक पडला असेल, तर तो मला ओळखता आलेला नाही. मात्र त्याला "रामराम" म्हणताना माझी मान आता खाली जात नाही, आणि एवढ्यासाठी कोरड्या आवाजाची किंमत मला फार वाटत नाही.