मुक्कामापुरती जागा



येत्या २५ जुलै रोजी आपण प्रेषित संत याकोब यांचा सण साजरा करीत आहोत. आपल्याकडे ते संत जेम्स म्हणूनच अधिक परिचित आहेत. त्या दिवशीचे शुभवर्तमान संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातले आहे. जब्दीच्या मुलांची आई प्रभू येशूपाशी येते, त्याच्या पाया पडते आणि आपल्या दोघा मुलांसाठी जागा मागते: तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे बसव, दुसऱ्याला डावीकडे. या माउलीचा आपल्याला तरी राग येऊ नये. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच. पोरांची सोय व्हावी, त्यांना मागे उभे राहावे लागू नये, एवढेच तिला वाटत असणार. आईच ती.

तिच्या याच मुलाच्या नावाने आज जगातली एक फार मोठी पायी यात्रा चालते. हेरोद राजाने याकोबांना यरुशलेमात तलवारीने मारले. बारा प्रेषितांपैकी रक्तसाक्षी होण्याचा पहिला मान त्यांचा. त्यांचा देह स्पेनच्या वायव्य टोकाला नेऊन पुरला आणि नवव्या शतकात तेथे कबर सापडली, अशी परंपरा आहे. त्या गावाचे नाव सांतियागो दे कोम्पोस्तेला. सांतियागो म्हणजेच संत याकोब. १९८६ साली यात्रा पुरी केल्याचे प्रमाणपत्र घेणारे अडीच हजारांच्या आत होते. २०२४ साली ते जवळजवळ पाच लाख झाले. हा सण ज्या वर्षी रविवारी येतो ते सांतियागोचे पवित्र वर्ष मानतात. २०२७ हे तसे वर्ष आहे. त्यामुळे आपल्यातलेही काही जण आता विचारू लागले आहेत की आपल्याला हे चालणे जमेल का?

का जमू नये? मात्र बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच सांगितले आहे (लूक १४). फ्रान्सच्या सरहद्दीवरून निघणारा मुख्य मार्ग सुमारे ७८० किलोमीटरचा आहे. त्याला तीस ते पस्तीस दिवस लागतात. ज्यांना एवढी रजा नाही ते सारिया गावापासून निघतात. तेथून सुमारे ११५ किलोमीटर राहतात. पोर्तोमारिन, पालास दे रेय, आर्सुआ, ओ पेद्रोउसो असे मुक्काम करीत पाच-सहा दिवसांत पोहोचता येते. प्रमाणपत्रासाठी पायी निदान १०० किलोमीटर चालावे लागते. सोबत यात्रेकरूची पुस्तिका लागते. तीत मुक्कामाच्या जागी, देवळात, अगदी वाटेवरच्या चहा-कॉफीच्या दुकानातही शिक्का मिळतो. शेवटच्या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के हवेत.

खरी परीक्षा पाठीवरच्या पिशवीची. ती आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावी, असे जाणकार सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा किलोच न्यायचे. कपड्यांचे एक जोड अंगावर, एक दोरीवर वाळत. आपल्या मंडळींची पंचाईत इथेच होते, कारण लोणच्याच्या बरणीशिवाय आपण लग्नालाही परगावी जात नाही! बूटही आयत्या वेळी नवे घ्यायचे नाहीत. ते घरच्या रस्त्यांवर चार-सहा महिने वापरून पायाला ओळखीचे करायचे. प्रभूने बारा जणांना पाठवले तेव्हा काठीशिवाय काही घेऊ नका, भाकरी नको, झोळी नको, दुसरा अंगरखा नको, असे बजावले होते (मार्क ६). आणि ज्या घरात जाल तेथेच निघेपर्यंत राहा, असेही. त्या बारा जणांत आपले याकोबही होते. रात्रीची जागा त्यांच्या पिशवीत नव्हती, ती दुसऱ्याच्या हातात होती.

ही गोष्ट त्या वाटेवर आजही बरीचशी तशीच आहे. यात्रेकरूंच्या धर्मशाळांना तेथे 'आल्बेर्गे' म्हणतात. एका खोलीत दहा-वीस किंवा त्याहून अधिक खाटा, एकावर एक. सर्वसाधारणपणे मुक्काम एका रात्रीचा, रात्री दहाला दिवे बंद आणि सकाळी आठच्या आत निघायचे. घोरणारे शेजारी कुणाचे कुणाला निवडता येत नाहीत. खासगी जागांत फोन करून खाट राखता येते, पण गावपंचायतीच्या आणि चर्चच्या धर्मशाळांत बहुधा तसे चालत नाही. जो आधी येईल त्याला जागा. ज्याच्या आईने प्रभूकडे जागा राखून मागितली, त्याच्याच कबरीकडे जाताना रुमाल टाकायची सोय नाही!

याचा एक वाईट परिणामही होतो. उन्हाळ्यात काही जण खाट मिळावी म्हणून पहाटे चारला अंधारात धावत सुटतात. प्रार्थना राहते, सोबतीही मागे राहतात. शुभवर्तमानातही पुढे हेच आहे. दोघा भावांचे ऐकून बाकीचे दहा चिडले. का चिडले? त्यांनाही त्याच जागा हव्या होत्या, असेच आम्हांला वाटते. म्हणून वयस्कर माणसाने किंवा एकट्या बाईने आधी फोन करून खाट राखली तर तिला कमी यात्रेकरू समजू नये. चारला उठून धावण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

धर्मशाळावाले सगळे संत होते असेही नाही. बाराव्या शतकातील 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखितात यात्रेकरूंविषयीचे एक लांबलचक प्रवचन आहे. चाखायला चांगली वाइन देऊन नंतर वाईट विकणारे, शिळे मासे खपवणारे खानावळवाले त्यात धर्मगुरूने धडाधड झोडपले आहेत. त्याच ग्रंथात वाटेचे तेरा टप्पे आणि कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणत्या नदीचे पिऊ नये, हेही लिहिले आहे. नियोजन तेव्हाही होते. टप्पे मात्र इतके लांब की काही घोड्यावरूनच जमावेत.

पण दारे उघडणारेही याच वाटेवर झाले. अकराव्या शतकात दोमिंगो नावाच्या तरुणाला मठांनी प्रवेश नाकारला. त्याने पुढे रानातून रस्ता केला, नदीवर पूल बांधला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. आज तो संत आहे आणि ते गाव त्याच्याच नावाने, सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा म्हणून ओळखले जाते. तेथून जवळच ग्रान्योन हे छोटे गाव आहे. तेथे देवळाच्या अंगालाच यात्रेकरू झोपतात, जमिनीवरच्या गाद्यांवर. संध्याकाळी सगळे मिळून जेवतात आणि देवळात प्रार्थना करतात. पैशांची पेटी उघडीच असते. जमेल ते टाका, गरज असेल तर त्यातून घ्या, अशी तेथली रीत. आपल्या देवळातली पेटी अशी उघडी ठेवायची म्हटले तर कार्यकारी मंडळाची सभा किती वेळ चालेल, हे आम्ही सांगत नाही.

आणखी पुढे पुएन्ते फितेरोजवळ संत निकोलस यांचे जुने, लहानसे देऊळ आहे. एका इटालियन बंधुसंघाचे सेवक तेथे उन्हाळ्यात धर्मशाळा चालवतात. वीज नाही, मेणबत्त्या असतात. जेवणापूर्वी ते आलेल्या प्रत्येक यात्रेकरूचे पाय धुतात. आता वीस-पंचवीस किलोमीटर चाललेले, फोड आलेले, घामेजलेले पाय परक्या माणसासमोर पुढे करणे सोपे नाही. पेत्रानेही आधी नाहीच म्हटले होते (योहान १३).

बंधू-भगिनींनो, थोडे इथे थांबू या. आपल्या धर्मग्रामात देणारे हात पुष्कळ आहेत. शाळेला, गरिबांना, पूरग्रस्तांना आपण देतो. घेताना मात्र आपण अवघडतो. "कुणाचे उपकार नकोत" हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. आयुष्यभर वाडीत राबलेला बाप अंथरुणाला खिळला की सुनेच्या हातून पाणी घ्यायला संकोचतो. एकटी राहणारी आजी शेजारणीने आणलेला डबा "भूक नाही" म्हणून परत पाठवते. घर आवरलेले नाही म्हणून काही आजारी माणसे धर्मगुरूंना निरोपच धाडत नाहीत. आपण म्हातारपणाचीही सगळी आखणी करून ठेवतो: पैसे, विमा, औषधे. दुसऱ्याच्या दारी पाहुणा होण्याची तयारी त्या आखणीत कुठे नसते. ती तयारी त्या वाटेवर रोज दुपारी, पाय दुखत असताना करावी लागते.

त्या वाटेवर दिसणारे पिवळे बाणही एका धर्मगुरूंचेच काम. फादर एलियास वालिन्या (१९२९–१९८९) हे डोंगरमाथ्यावरच्या ओ सेब्रेइरो या लहानशा गावचे धर्मगुरू. या वाटेवर त्यांनी प्रबंध लिहिला, मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि १९८४ पासून स्वतः रंगाचा डबा घेऊन दगडांवर, झाडांवर, भिंतींवर बाण रंगवत फिरले. तेव्हा चालणारे फारच थोडे होते. आज जे लाखो लोक न चुकता पोहोचतात त्यांपैकी बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नसते.

जब्दीच्या मुलांच्या आईचे पुढे काय झाले? मत्तय तिचा उल्लेख आणखी एकदा करतो, सत्ताविसाव्या अध्यायात. गालीलीहून प्रभूच्या मागोमाग चालत आलेल्या स्त्रिया कालवरीवर दुरून पाहत होत्या, त्यांत ती होती. प्रभूच्या उजवीकडे आणि डावीकडे तेव्हा दोन लुटारू होते.

सणाच्या मिस्सेनंतर आजारी व वृद्ध भाविकांना घरी ख्रिस्तप्रसाद नेण्यात येईल. ज्यांना तो हवा आहे त्यांनी, किंवा त्यांच्या शेजाऱ्यांनी, नावे चर्चच्या कार्यालयात कळवावीत. घर आवरलेले असण्याची गरज नाही.