घरचा माणूस

कारंजा म्हटले की बहुतेकांना लाडांचे कारंजे आठवते. मी म्हणतो ते वर्धा जिल्ह्यातले, घाडग्यांचे. नागपूर आणि अमरावती यांच्या जवळजवळ मध्यावर ते हमरस्त्याला टेकून बसले आहे. तेव्हा येथे गाडी थांबवून चहा घेणे हा प्रवाशांचा जुना परिपाठ. अशाच एका हॉटेलात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ 22 वर्षे नोकरीला होते. "या जी, बसा," म्हणत ते आधी पाण्याचा पेला पुढे करीत. उन्हातून आलेल्याला पहिल्यांदा तहान विचारावी, भूक मागून, असे त्यांचे मत होते.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि रस्ता ओस पडला. हॉटेल पुढे उघडले, पण यांना बोलावणे आले नाही. विचारायला गेले तेव्हा मालक म्हणाले, "तू काय परका आहेस? तू तर घरचाच माणूस. बघू पुढं." नोकरी गेल्याचे त्यांना असे कळले.

घरच्या माणसाला नोटीस देत नाहीत हे खरे. पण घरच्या माणसाला घराबाहेरही काढीत नाहीत. जादा तास आणि सणासुदीची हजेरी नात्याच्या खात्यावर मांडली गेली; निरोपाच्या वेळी मात्र ना नाते उरले, ना व्यवहार. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे त्या वेळी अशा कामगाराला एक महिन्याची सूचना आणि पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळायला हवा होता. म्हणजे 330 दिवसांचा. मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे मागितले, तर तेवढ्यासाठीच केलं असं होईल ना जी?"

याला चटकन उत्तर देणे मला जमले नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अतिथीला देव मानण्याचा उपदेश आहे. तो विद्या संपवून निघालेल्या शिष्याला, पगारी नोकराला नव्हे. उलट आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन विदुषीने 1983 च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात विमानातल्या सेविकांचे हसूदेखील कसे मजुरीचा भाग होते हे दाखविले. आमचे गृहस्थ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे होते. त्यांचे "या जी" मालकाने शिकविलेले नव्हते; म्हणून मालकाला ते काढूनही घेता येत नाही, असा दिलासा मी देऊ पाहिला. पण देता देता मलाच त्याचा संशय आला. निष्काम कर्माचा उपदेश नेहमी घेणेकऱ्यालाच होतो. देणेकऱ्याला तो केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शिवाय मला वाटते, मागणे न केल्यानेच त्यांचा पाहुणचार स्वस्त होत होता. मजुरी चुकती झाली, तरच त्यावरचे जे दिले ते देणगी ठरते. एरवी दोन्ही मिळून नुसती लूट.

त्या दिवाळीच्या आधी ते अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा संपताच माझीही कपबशी उचलून आत निघाले. मी हात धरून त्यांना खाली बसविले. अर्ज त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "हे 330 दिवस रविवार धरून का जी? रविवारी तर गर्दी जास्त असायची."